कंपनीचा ग्राइंडर

माजलगावात आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. वेल्डिंग नवरा करतो, कापणं-घासणं माझ्याकडे. ग्राइंडर दिवसभर माझ्या हातात असतो, हे माझ्या दिराच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. तो बीडला प्लॉटची दलाली करतो. त्याने आयुष्यात एक स्क्रू पिळलेला मी पाहिला नाही.

उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला यायचे दिवस तोंडावर आले आणि आमचा ग्राइंडर जळाला. दीर नेमका घरी होता.

"वहिनी, घ्यायचा तर एक नंबर कंपनीचाच घ्या. हलका माल म्हंजे भिकारपणा हाय," तो म्हणाला, आणि कुणी न बोलावता आमच्यासोबत दुकानात आला.

दुकानदार त्याच्याही वरताण. विचारायची मी आणि उत्तर द्यायचा तो दिराला. स्वस्तातला दाखवा म्हटल्यावर नवऱ्याकडे बघून हसला, "घरच्या हौसंला पाहिजे का?"

त्याने पुढे केलेल्या ग्राइंडरकडे बोट करून मी विचारलं, "ह्याचं आतलं आर्मेचर जळलं तर नवं मिळतं का हितं?"

"कंपनीचा हाय, बिघडतच न्हाई."

जळालेला ग्राइंडर पिशवीतून काढून मी त्याच्यासमोर ठेवला. तीच कंपनी, त्याचंच दुकान. यावर दीर काय म्हणाला? "तुमी दाबून चालवला आसंल."

मी तिथून निघाले. स्टँडमागे मोटारींचं वाइंडिंग करणारे एक चाचा बसतात, कोणता घ्यावा ते त्यांना विचारलं.

"जळत्यात सगळ्याच मशिनी, बाई," ते हातातलं काम न थांबवता म्हणाले. "जिचं सामान गावात मिळतं ती घ्या."

त्यांनी दोन साध्या कंपन्या सांगितल्या. दोन्हींचे ग्राइंडर दुसऱ्या दुकानात मिळाले. मी दोन्ही चालवून पाहिले. एक हिवताप आल्यासारखा थरथरत होता आणि त्याचा चाकावरचा गार्डही ढिला होता, तो परत ठेवला. दुसरा हातात बसला, तोच घेतला. दीर तोवर बाहेर गाडीवर तोंड फिरवून बसला होता, जणू आम्ही चोरीचा माल घेत होतो.

त्या ग्राइंडरवर ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचा अख्खा हंगाम निघाला. मध्ये आतले कार्बन ब्रश झिजले, ते चाचांकडून आणून मीच बदलले.

दिवाळीत दीर एका पाहुण्याला घेऊन आला. त्याला बंगल्याचं गेट करून घ्यायचं होतं. दिराने तोच ग्राइंडर उचलला आणि सांगितलं, "बघा, एक नंबर कंपनी. आमच्यात हलकं चालत न्हाई."

नवरा मान खाली घालून रॉड निवडत राहिला. मी म्हटलं, "भाऊजी, चालू करून दाखवा की पाव्हण्यांना."

त्याने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. बटन काही सापडेना. शेवटी मीच त्याच्या हातातून घेतला आणि पाहुण्याला गेटचं माप विचारलं.