कानाने लावलेला आवाज

लिफ्टवाल्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मोटारीला कान लावायचा आणि बिघाड सांगायचा, हा त्यांचा खाक्या. ते निवृत्त झाले आणि मागोमाग कानांनीही राजीनामा दिला. बायकोच्या मते मात्र त्यांना हवं तेवढं अजून व्यवस्थित ऐकू येत होतं.

दुःख एकच होतं. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला ते आपल्या बोलता-ऐकता येणाऱ्या हौशी रेडिओवरून समुद्रापलीकडच्या एका घड्याळजीशी गप्पा मारत. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण दोस्ती जिवाभावाची. आता त्या दोस्ताचा आवाज म्हणजे नुसती खरखर.

घड्याळजीनेच पत्रातून तोड काढली. संगणकावर लिहायचं, संगणक अक्षरांचे सूर करील, रेडिओ ते पाठवील, पलीकडचा संगणक त्यांची पुन्हा अक्षरं करील. संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये फक्त एक जोड-डबी हवी. लिफ्टवाल्यांनी ती साबणाच्या डबीत बसवली. वर सूर ऐकू यावेत म्हणून छोटा स्पीकर आणि आवाज कमीजास्त करायचं बटण; त्याच बटणाने रेडिओत जाणारे सूरही कमीजास्त होत. आज जमलं तर ठीक, नाहीतर गप्पांना रामराम.

रविवारचे दहा वाजले. पडद्यावर अक्षरं टपटप उमटली : ‘आहेस का रे?’

लिफ्टवाले खुर्चीतच उडाले! भराभर उत्तर लिहिलं, पाठवलं.

‘नुसता कचरा येतोय. कोण आहे?’

पुन्हा पाठवलं. पुन्हा कचरा. ‘पाच मिनिटं थांबतो, मग बंद,’ घड्याळजीने लिहिलं.  लिफ्टवाले पुन्हा पाठवू लागले, तोच बायको दोन्ही कानांत बोटं घालून आली.

“अहो, हा काय भोंगा! समोरच्या घराच्या खिडक्या लागल्या!”

“भोंगा कुठला? आत्ता कुठे जरासं ऐकू येतंय.”

म्हणता म्हणता त्यांचं लक्ष रेडिओकडे गेलं. डबीचं बटण त्यांनी स्वतःच्या कानाने लावलं होतं! रेडिओवरचा काटा केव्हाचा लाल रेघेवर डोकं आपटत होता. एवढ्या जोराने रेटल्यावर सुरांचा चिवडाच होणार.

“कमी कर,” ते म्हणाले. बायकोने बटण फिरवलं. काटा खाली आला.

“बंद पडलं गं!”

“चालूच आहे. तुमच्यापुरतं बंद पडलंय. लिहा!”

ठार शांततेत, नुसत्या काट्यावर भरवसा ठेवून त्यांनी लिहिलं : ‘मी आहे रे, मीच.’

पडदा क्षणभर कोरा. मग अक्षरांची झुंबड उडाली : ‘आलास! आलास! वहिनींना नमस्कार. बावीस वर्षं तू मला बोलू दिलं नाहीस. आता वाच!’

“खरं बोलतोय हो माणूस,” म्हणत बायकोने खुर्ची पुढे ओढली. लिफ्टवाले हसत सुटले, इतके की उत्तर लिहायला हातच वळेनात.