माशाच्या सरसाचा कर्णा

रेवदंड्यात कर्णा होता तो एकट्या चाचांकडे, आणि तेच गावात सगळ्यांत हळू बोलत. जहाजावर विजेचं काम करून परतताना त्यांनी तो आणला होता. खरं तर ती लाकडी पेटी. आत सुपाएवढा कागदी शंकू. पण आम्ही कर्णाच म्हणायचो.

ते पेटी आडवी ठेवत, कागदावर चिमूटभर रवा टाकत आणि दुसऱ्या कुणाला तरी माइकमध्ये बोलायला लावत. रवा थयथय नाचायचा. "पोरी, वीज बोलत न्हाय," ते मला सांगत. "कागदाच्या मागं तारेचं वेटोळं हाय. लोहचुंबकापाशी वीज त्याला ढकलते नि ओढते. कागद हलला की हवा हलते, तोच आवाज." शाळेत मास्तरांनी हे शिकवलं तेव्हा मला भलताच भाव आला होता.

माझे वडील, अण्णा, कीर्तनकार. दुखण्यात त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. उत्सवात मागचे लोक कीर्तन सोडून उठू लागले. "शेवटच्या ओळीत तुझी आई बसते," अण्णा एकदा म्हणाले, "तिलासुद्धा ऐकू येत नाही गं." म्हणून उत्सवात कर्णा लावा अशी मीच चाचांना गळ घातली.

नेमका उत्सवाच्या सकाळी उंदराने कागद कुरतडला. चाचांनी तो दुपारपर्यंत सांधला, पण पेटी देवळाच्या पायरीखालीच ठेवून अण्णांना बाहेर बोलावलं.

"बुवा, डिंकानं कागद कडक होतो. घोळ माशाच्या पोटातला फुगा उकळून सरस केलाय. आत न्यायचा का न्हाय, तुमी सांगा."

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? मला चाचांचा रागच आला. अण्णांनी वाकून पेटीवर हात ठेवला.

"चाचा, तो मासा माझ्यासाठी बोलणार असेल तर मी कोण त्याला अडवणार? घ्या आत."

त्या संध्याकाळी एकही माणूस उठला नाही. चाचा पायरीवर उभे राहून ऐकत होते. अण्णांचं ते शेवटचं कीर्तन ठरलं.

दुसऱ्या दिवशी आईने पुरणपोळ्यांचा डबा देऊन मला चाचांकडे धाडलं. अण्णांनी तिला सगळं सांगितलं होतं. तिचा निरोप मी जसाच्या तसा सांगितला: "तीन वर्षांनी ह्यांचा शब्दन् शब्द ऐकला. त्या माशाचं भलं होवो."

मासा केव्हाच उकळून गेला होता. पण चाचांनी तो आशीर्वाद मान खाली घालून घेतला.