पासिंगपुरती चमक

तुमच्या गाडीचे दिवे तुम्ही शेवटचे कधी नीट पाहिलेत?

पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याच्या अलीकडे एक माणूस हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या काचा घासून देतो. कधीही जा, हात ओले आणि मान खाली. बोलतो तेही काचेशीच बोलल्यासारखं.

परवा मी तिथं थांबलो होतो, तेव्हा कंपनीच्या शिफ्टची माणसं नेणारा एक ड्रायव्हर आला. "काका, तेल मारून चमकवा. उद्या आरटीओत पासिंग हाय."

"तेल एका पावसात जातं."

"पासिंगपुरतं चालतंय वो!"

"मागं एकाला दिलं होतं पासिंगपुरतं. त्यानं रात्री मिठागरावरून परतणारी बाई उडवली. म्हणाला, दिसलीच नाय."

एवढं बोलून त्यानं जाडा पॉलिश पेपर उचलला आणि दोन्ही काचा घासून पांढऱ्याफटक, पार आंधळ्या केल्या. आता पुरतं काम झाल्याशिवाय गाडी पासिंगला नेण्यासारखी राहिली नव्हती. ड्रायव्हर शिव्या देत राहिला. "बस तासभर," म्हणत हा घासत राहिला. मी कौतुक करायला पुढे झालो, तर त्यानं वर पाहिलंच नाही.

आज गाडी काढण्याआधी तिच्या दिव्यांच्या काचेवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं, तर गाडी तिथेच ठेवा.