भांगाच्या दिवशी निघालेली हळद

आमच्या पाड्यावरून आईचं माहेर दिसायचं. मधे भातशेती, खाडीचा एक नाळा आणि दिवा लाइनचा जुना एकेरी रूळ. संध्याकाळी आई डबा घेऊन बांधावरून निघायची, रुळाशी थांबून दोन्हीकडे बघायची आणि पलीकडे जायची. परत येताना डब्यात तिकडचं काहीतरी असायचं. दोन गावं आहेत असं मला लहानपणी वाटलंच नव्हतं.

मालगाड्यांची नवी लाइन आली तेव्हा मी माणिकपूरला कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे ऐकलेलं सगळं घरी येऊन सांगायची सवय लागली होती. सरांनी शिकवलं होतं की बंदरातले कंटेनर रुळांवरून गेले की हायवेवरचे ट्रेलर कमी होतील, डिझेल वाचेल, माल वेळेवर पोचेल. मी ते बाबांना सांगितलं.

"म्हंजे नाक्यावरची गर्दी कमी होनार?" त्यांनी विचारलं.

"होणार, बाबा."

त्यांना बरं वाटलं. मला तो धडा आजही चुकीचा वाटत नाही. माल कुठूनतरी जायलाच हवा. फक्त त्या धड्यात सगळे रुळांच्या दिशेने जाणारे होते, रूळ ओलांडणारं कोणी नव्हतं.

डोंगराचा मुरूम डंपरने येत राहिला आणि नाळ्याच्या कडेने भराव चढत गेला. आमच्या आंब्यापेक्षा उंच झाला. दोन्ही बाजूंना कुंपण लागलं, वर विजेच्या तारा आल्या. चालणाऱ्यांसाठी भरावाच्या पोटात काँक्रीटचा चौकोनी रस्ता ठेवला होता. आम्ही त्याला बोगदा म्हणतो.

वरून गाड्या धावायला लागल्या त्याच वर्षी ताईला आईच्या माहेरचं स्थळ आलं. मुलगा त्याच भरावाच्या कामावर डंपर चालवायचा. ताईला तो पसंत होता, हे ती न बोलताही कळत होतं. बोलणी करायला मुलाचे वडील त्याला घेऊन आले. आई त्यांना माहेरच्या नात्याने दादा म्हणते.

आई म्हणाली, "पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय. पन दादा, मला वाट पायजे. पोर माझ्या पायाखालच्या वाटेवर राहिली पायजे. नायतर तिला नाशिकला दिली काय नि तुमच्याकडं दिली काय."

"अगं, बोगदा हाय ना! तुझ्या जावयानंच भराव घातलाय, त्यालाच विचार."

शेजारची काकी दारातूनच म्हणाली, "वा! आधी मधे बांध घातलान, नि आता म्हनतो नवरी द्या!"

मुलगा मान खाली घालून हसला. "मी नुसती माती टाकली, काकी. भोक दुसऱ्यानी ठेवलंय."

सगळे हसले. आईही हसली, पण विचारलंच, "बोगद्यात पानी हाय त्याचं काय?"

"खाडीचं पानी हाय," बाबा म्हणाले. "येतं तसं जातं."

आमच्याकडे पाण्याचं सगळं असंच चालतं. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरतीचा जोर कमी. नाळ्यात कधी उतरायचं, जाळं कधी लावायचं, कुठून पायी पार व्हायचं, हे सगळं त्यावर ठरतं. भरतीला आलेलं पाणी ओहोटीला गेलं नाही, असं आमच्या पाड्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. भटजींनी काढलेल्या मुहूर्तांतून बाबांनी भांगाच्या दिवसांतला निवडला, आणि उष्टी हळद भर ओहोटीला निघेल अशी वेळ धरली. आमच्याकडे नवऱ्याला लावून उरलेली हळद त्याच्या घरच्या बाया पायी घेऊन येतात, मग ती नवरीला लागते. आईची हळदही त्याच बांधावरून गेली होती, उलट्या दिशेने.

त्या दुपारी पलीकडून ताशा ऐकू आला तशा आम्ही बाया आरतीचं ताट घेऊन बोगद्याच्या तोंडाशी गेलो. बाहेर नाळ्यातलं पाणी पार उतरलं होतं. चिखलावर खेकडे फिरत होते. बाबांचा हिशोब चुकला नव्हता. बोगद्यात मात्र पाणी तसंच उभं होतं, हिरवट, त्यावर थर्माकोलचे तुकडे. बोगद्याचा तळच नाळ्यापेक्षा खाली होता. आत शिरलेलं पाणी बाहेर पडणार तरी कुठून?

बाबा धोतर खोचून आत उतरले. थोडं पुढे गेले आणि थांबले.

पलीकडच्या तोंडाशी उजेड होता. त्यात पिवळ्या लुगड्यातल्या बाया उभ्या दिसत होत्या, एकीच्या हातात हळदीची वाटी.

"किती हाय ओ?" तिकडून हाक आली.

"कंबरेच्या वर!"

"मंग व्याहीबुवा, होडी पाठवा!"

बोगद्यात हसणं घुमलं. कोणीतरी म्हणालं, वाटी डोक्यावर घेऊन पोहत येतो. त्यांच्यातल्या एका म्हातारीने त्याला झापलं, "पान्यात पडली तं? नवरीला काय चिखल लावशील?" भरावावर चढायला गेलेल्या दोघांना वॉचमनने शिट्टी मारून खाली उतरवलं. तेवढ्यात वरून मालगाडी आली. ती जाईपर्यंत दोन्हीकडच्या बाया गप्प उभ्या राहिल्या. ताशाही थांबला.

हळद टेंपोने हायवेवरून आली. नाक्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकली, आणि आमच्या दारात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाया आखडलेल्या पायांनी खाली उतरल्या. मांडवात धवला, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणणारी आमच्याकडची म्हातारी वाट बघून घरी निघून गेली होती. वाटीतली हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. आईने तिच्यावर पाणी शिंपडलं, बोटाने कालवली आणि ताईच्या गालाला लावली. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "हा तुमचा भांग."

बाबा टेंपोवाल्याला पैसे द्यायला बाहेर गेले.

लग्न झालं. असल्या कारणावरून हळद लागलेल्या मुलीचं लग्न कोण मोडतं? गावाने तक्रार केली. एक साहेब येऊन बघून गेले, पंप आला, काही दिवस चालला, मग तो दुसऱ्या कामावर नेला. उन्हाळ्यात बोगदा आटला तेव्हा आई पोटरीभर चिखलातून डबा घेऊन गेली. तेवढे दिवस ती कोणावर चिडली नाही. पावसाळ्यात पाणी छताला टेकलं, मग तोंडाशी लोखंडी गज लावून धोक्याचा बोर्ड टांगला. आता ताईकडे जायचं तर नाक्यापर्यंत रिक्षा, तिथून शेअर रिक्षा, मग चालत. शेत आणि गोठा सोडून आईला तेवढा दिवस काढता येत नाही. सणाला जाते.

काकी समजूत घालायला म्हणाली, "सगल्यांच्याच पोरी लांब असतात गं."

"माझी मी लांब नव्हती दिली," आई म्हणाली.

यंदा आमच्या पाड्यातल्या दुसऱ्या एका मुलीला तिकडचं स्थळ आलं. तिच्या वडिलांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. "रुळापल्याड? नको." कॉलेजात मला कोणी विचारलं की लाइन झाल्याने तुमच्याकडे काय बदललं, तर मी धड्यातलंच सांगते. माल वेळेवर जातो, हे खरं आहे. मी रोज बघते.

ताईला आता दिवस गेलेत. आई तिला संध्याकाळी फोन करते, पूर्वी डबा घेऊन निघायची त्याच सुमाराला. काय खाल्लंस, पाय सुजलेत का, हे चाललेलं असतं, आणि मधेच मालगाडी येते. तिचा आवाज आमच्या खिडकीतून येतो आणि फोनमधूनही येतो. दोघी बोलायच्या थांबतात. आई फोन कानाला धरूनच भरावाकडे बघत राहते. एकावर एक ठेवलेले कंटेनर सरकत असतात.

"गेली का गं?" ती मोठ्याने विचारते.

"नाय, आई," ताई म्हणते. "अजून येतायत डबे."