तांदूळ वाहणारी पाणबुडी

काशिनाथरावांनी मुंबईच्या गोदीत अडतीस वर्षं बॉयलर जोडले. २०१४ साली मुलाकडे न्यूझीलंडमध्ये टाकानिनीला सहा महिने राहायला आले, तेव्हा बॅगेत लोणच्याशेजारी हातोडी होती.

"बाबा, इथे कोण बॉयलर आणून देणार आहे तुम्हाला?" सून मृदुला हसली होती.

बॉयलर नाही, पाणबुडी आली. कुंपणापलीकडे हारुकोबाई राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, किवी शिपायाशी लग्न करून जपानहून आलेल्या. त्यांनी एक जुना फोटो दाखवला: थोरला भाऊ, मागे बुटकी पाणबुडी. शनिवारी त्या भावाचं वर्षश्राद्ध. फोटोपुढे ठेवायला अशी एक छोटीशी करून मिळेल?

"नौदलाने नाही, जपानी लष्कराने स्वतःच बांधून घेतल्या होत्या म्हणे," मृदुलाने इंग्रजीतून समजून घेऊन सांगितलं. "बॉयलरच्या कारखान्यांत."

"मग तर आपल्याच भावकीतली की!"

काशिनाथरावांनी मायलो पावडरचे पत्र्याचे डबे कापले, डाग दिले. गुरुवारी मृदुलासोबत पाणबुडी घेऊन गेले. तोंडाशी दोन झकास नळ्या.

"धिस?" हारुकोबाईंचा चेहरा उतरला.

"टॉर्पेडो! कट्यारीशिवाय नवरदेव शोभतो का?"

हारुकोबाई हळूहळू बोलत राहिल्या. मृदुलाचा आवाजही खाली आला. "बाबा, त्या बोटीवर टॉर्पेडो नव्हतेच. तांदूळ होते. बेटावर उपाशी अडकलेल्या त्यांच्याच सैनिकांसाठी. वाटेत इंजिन बिघडलं, मागे फिरावं लागलं. मग जपानची शरणागती, बोट भंगारात. भाऊ मरेपर्यंत एकच म्हणायचा, तांदूळ पोचला नाही."

"मी विचारलंच नाही गं," काशिनाथराव पुटपुटले आणि पाणबुडी परत घेऊन आले.

शुक्रवारी नळ्या कापल्या, ठिगळं लावली. पण पाण्यात तपासल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, ही गोदीची सवय. बाथटबमध्ये सोडली, तर नळ्यांचं वजन गेल्यामुळे पाणबुडी नाक वर करून उभी!

"पोट रिकामं आहे तिचं. मृदुला, तांदळाचा डबा आण."

वरच्या झाकणातून, कागदाच्या नरसाळ्याने, दोन मुठी आत गेल्या. पाणबुडी सरळ झाली.

शनिवारी हारुकोबाईंनी ती उचलली. आत काहीतरी खुळखुळलं.

"राइस," काशिनाथराव म्हणाले, आणि मान खाली घातली.

बाईंनी झाकण उघडून तांदूळ वाडग्यात ओतला. बुडावर टिचक्या मारून शेवटचा दाणासुद्धा काढला आणि आत गेल्या.

दुपारी कुंपणावरून हाक आली. हातात वाडगा, वाफाळता भात. "काशी-सान, ईट."

"बाबा, लोणचं तरी आणू का?" मृदुलाने विचारलं. काशिनाथरावांनी नकारार्थी मान हलवली. कुंपणाशी उभ्यानेच, नुसता भात, शितन् शीत संपवला. रिकामा वाडगा बाईंपुढे धरून पोटावर हात ठेवला.

"पोचला."

मृदुला भाषांतर करायला तोंड उघडते तोच हारुकोबाईंनी डोळे पुसले, वाडगा ओढून घेतला आणि दटावल्यासारखं विचारलं, "मोअर?"