मोपेडवरची एकच जागा

काल उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकली. शेजारच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास आत शिरला आणि धाकटी बहीण शालन आठवली.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आम्हा दोघांना गडहिंग्लजकडच्या त्याच्या गुऱ्हाळावर नेणार होता. काहिलीत, रस उकळायच्या मोठ्या कढईत, सोडून गुळात शिजवायला शालननं कच्ची पपई फडक्यात बांधून ठेवली होती. रात्री ती उशाशी घेऊन झोपायची. मामा आला तो मोपेडवर, पुढे पेंडीचं पोतं घेऊन.

"एकालाच जागा हाय. कोण येतंय?"

मी पटकन मागे बसलो.

"मामा, मी बारीक हाय की! फुडं उभी ऱ्हाते की!" शालन कळवळून म्हणाली.

"फुडं पोतं हाय न्हवं? फुडच्या सुट्टीला तू."

तिनं रडत पपई माझ्या हातात कोंबली. "दाद्या, एवढी तरी सोड."

मोपेडमागे ती कोपऱ्यापर्यंत अनवाणी धावली.

पोतं आमच्या घरी ठेवा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मामानं ऐकलंही असतं. पण भीती वाटली, तो पोत्याऐवजी मलाच उतरवेल. मी पपई पोटाशी धरली आणि पुन्हा मागे पाहिलं नाही.