भिमाबाईंचं मॅस्टिकेशन

भिमाबाईंना कुणी घाई केली की त्या हमखास हळू होतात. असा स्वभाव घेऊन चाकणच्या कंपनीत कंत्राटावर टिकणं सोपं नाही, पण त्या टिकल्या. नवऱ्याचं काम सुटल्यापासून कासारवाडीतलं त्यांचं घर त्यांच्याच पगारावर चालतं. गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळत मी त्यांच्या शेजारी उभी असते, म्हणून सांगते.

यंदा साहेबांनी जेवणाची सुट्टी निम्म्यावर आणली. झालं, आम्हा बायकांच्या डब्यांतून भाकरी गेली आणि पातळ वरणभात आला. न चावता घशाखाली उतरेल तेच आणायचं. आम्ही काय खावं हे घंटा ठरवायला लागली. संताप यायचा, पण बोलायचं कुणी?

भिमाबाईंना नुकतीच कवळी बसली होती, तरी त्यांनी ज्वारीची भाकरी सोडली नाही. घंटेनंतरही चावत बसायच्या.

त्यांच्या बहिणीची दीक्षा दातांच्या डॉक्टरकीला आहे. तिने सांगितलं, चावण्याला इंग्रजीत भारदस्त शब्द आहे, मॅस्टिकेशन. "पण मावशी, तो पुस्तकात असतो, नाहीतर डॉक्टरांच्या तोंडी. जेवताना असं कुणी बोलत नाही. हसतील लोक."

"हसू दे. साध्या बोलण्याला कोण किंमत देतंय?"

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, आम्ही डबे आवरून उठलो. भिमाबाई बसलेल्याच. सुपरवायझर जयदीप आला. "मावशी, चला, लाइन सुरू झाली."

"मॅस्टिकेशन चालू हाय."

आम्ही माना खाली घालून हसलो. जयदीप तडक एचआरच्या स्नेहल मॅडमना घेऊन आला. त्याही हसल्या. "मावशी, चावतेय म्हटलं तरी समजतं आम्हाला. दातांचा त्रास आहे ना? डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, तुमच्यापुरती वेळ वाढवून देते. पण हे असं बसून राहणं चालणार नाही. पुन्हा बसलात तर उद्या गेटवरूनच परत जाल."

मला वाटलं, घ्या बाई पदरात पाडून. भिमाबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला. तोवर मॅडम उभ्या.

"खोटे दात माझे हायत, मॅडम. ह्या पोरींचे खरे हायत. ह्यांनी का म्हणून गिळायचं? मला एकटीला नको."

"मग उद्यापासून येऊ नका."

"बरं," म्हणून त्यांनी पुढचा तुकडा मोडला.

माझी नोकरी गेली तर घरी काय होईल, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी त्यांच्या डब्यातली चतकोर भाकरी उचलली आणि खाली बसले. मग विजयश्री बसली, तिच्यामागे बाकीच्या. पलीकडे लाइनचा पट्टा रिकामाच फिरायला लागला.

"मॅडम," मी म्हटलं, "उद्या गेटवर जास्त माणसं लावा. आम्हा सगळ्यांना अडवावं लागेल."